एका हाताची खवणी

आमचे शेजारी पेडणेकर गेले सहा महिने उजवा हात पॅन्टच्या खिशात घालून जगत आहेत. हात चांगला धडधाकट आहे, त्याच हाताने ते दिवसभर दुबईतल्या लिफ्ट दुरुस्त करतात. पण संध्याकाळी अल कुसैसला घरी आले की हात खिशात. कुलूप डाव्या हाताने, चहा डाव्या हाताने, कांदासुद्धा डाव्या हाताने चिरतात आणि त्यातला निम्मा ओट्याखाली जातो. "भाऊजी, हे काय नवीन?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "टेस्टिंग चालू आहे, वहिनी." माझी लेक म्हणते, "अंकल इज सो वीअर्ड, मम्मा." मला तिला रागावताही येत नाही.

इमारतीमागच्या कचऱ्याच्या डब्यापाशी कुणी पंखा, मिक्सर, काहीही टाकलं की पेडणेकर आधी त्याला कान लावतात, आतलं चाक फिरवून बघतात आणि निकाल देतात, "मोटर जिवंत आहे." माणसांनाही तोच न्याय. माझ्या नवऱ्याची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा भेटायला आले आणि म्हणाले, "मोटर जिवंत आहे ना? मग टेन्शन नाही." नवरा हसला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

अशाच एका टाकून दिलेल्या वॉशिंग मशीनच्या मोटरीतून त्यांनी नारळ खवायचं यंत्र बनवलं. पुढच्या महिन्यात ते नोकरी सोडून कायमचे कुडाळकडच्या गावी जाणार, आणि यंत्र बायकोसाठी नेणार. पण बायकोची अट होती की शिक्का असल्याशिवाय यांचं कुठलंही मशीन चुलीजवळ येणार नाही. यांच्या मागच्या मिक्सरने चटणी छताला लावली होती, त्यामुळे बाईंचं काही चुकत नव्हतं. म्हणून पेडणेकरांनी अल बर्शात हौशी कारागिरांच्या मेळ्यात टेबल घेतलं. तिथे विजेवरची प्रत्येक वस्तू तपासतात. पास झाली तर हिरवा स्टिकर लावतात, नापास झाली तर वर कापड टाकतात. बक्षीस वगैरे त्यांना नको होतं. स्टिकर हवा होता.

गाडी अर्थातच माझी. शेजारी बसून ते डाव्या हाताने सीटबेल्ट लावायला लागले. चार वेळा निसटला. मागचा हॉर्न वाजवायला लागला तेव्हा माझा पारा चढला. "देवाने दुसरा हात काय शोभेला दिलाय?" म्हणत मीच तो खटकन अडकवला.

हॉलमध्ये मात्र माणूस जत्रेत शिरल्यासारखा हरखला. कुणी खजुराच्या झावळ्यांचे दिवे विणत होतं. एक मशीन थरावर थर प्लास्टिक ओतून उंट घडवत होतं. पेडणेकरांनी त्यालाही कान लावला. "बारीक आहे, पण जिवंत आहे." मशीनच्या सीरियन मालकाने कौतुकाने हात पुढे केला, यांनी डावा दिला. सॉरी मी म्हटलं.

तपासणी करणारी अमिराती इंजिनियर बाई चार टेबलं लांब असताना पेडणेकरांनी पिशवीतून नारळ काढला.

"हा खवायचा ना?"

"आधी फोडायचा. नारळ न वाढवता नवीन मशीन चालू करू? यल्ला, बाजूला व्हा."

त्या गुळगुळीत हॉलमध्ये दगड कुठला? त्यांनी नारळ मशीनच्याच लोखंडी पायावर आपटला. पाणी सरळ स्विचच्या डबीत गेलं. बटण लावून दांडा दाबला, पातं फिरलं. दांड्यावरचा हात काढला, तरी फिरतच राहिलं. हात सुटला की पातं थांबलं पाहिजे, यावरच तर पास-नापास ठरणार होतं.

बाई आता दोनच टेबलं लांब. पेडणेकरांचा चेहरा पांढराफटक पडला. शेजारच्या दागिनेवालीकडे प्लास्टिक वाकवायची गरम हवेची बंदूक होती, ती मी जवळजवळ हिसकावूनच आणली. आणि खिशातला उजवा हात बाहेर आला. प्लग काढला, चार स्क्रू उघडले, स्विच पुसला, सुकवला, बसवला. दोन्ही हातांनी हा माणूस काय काम करतो, ते मी तेव्हा पाहिलं. शेवटचा स्क्रू पिळला तेव्हा बाई समोर उभी होती. उजवा हात पुन्हा खिशात गेला.

"सर, यूज बोथ हँड्स, प्लीज."

"नो मॅडम. वन हँड ओन्ली. यू ऑल्सो वन हँड."

बाईने क्षणभर पाहिलं, मग आपला उजवा हात पाठीमागे घेतला. नारळाची वाटी डाव्या हाताने चिमट्यात बसवली, दांडा दाबला. पांढराशुभ्र कीस ताटलीत पडू लागला. मग तिने एकदम हात सोडला.

पातं थांबलं.

तिने तीनदा तेच केलं, तिन्ही वेळा थांबलं. पेडणेकर तिच्या तपासणीच्या कागदावर वाकले. "मॅडम, प्लीज राइट. वन हँड, सेफ." तिने हसून तेही लिहिलं.

स्टिकर लागताच त्यांनी गावी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर बायको आली, डोळे बारीक करून. "शिक्को खरो मां? काय तुमीच छापलास?"

"खरो गो. बाईन लावल्यान."

"बघूया तर." तिने डाव्या हाताने फोन जवळ घेतला. उजवा मांडीवर होता, दुसऱ्या कुणीतरी आणून ठेवावा तसा. बोलणं संपेपर्यंत तो हलला नाही.

"सहा महिने झाले तिला अर्धांगाचा झटका येऊन," फोन ठेवत पेडणेकर म्हणाले. "मोटर जिवंत आहे, वहिनी. पण खवणीवर दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. बसते आणि रडते."

मला माझी लाज वाटली. सीटबेल्टची तर फारच.

परत निघताना ते शेजारी बसले आणि डाव्या हाताने पट्टा ओढू लागले. एकदा निसटला, दोनदा निसटला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी इंजिन बंद केलं आणि खटका लागेपर्यंत बसून राहिले.