बजाबाईंच्या दोन इडल्या

सांगायला हरकत नाही, सोलापुरात माझ्याइतका काटेकोर माणूस शोधून सापडणार नाही. एका खासगी हॉस्पिटलच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात मी शास्त्रज्ञ आहे. पेशंटला किंचित किरणोत्सर्गी औषध द्यायचं आणि ते शरीरात कुठं कुठं जातं ते कॅमेऱ्यानं बघायचं, हे आमचं काम. बार्शीचे माझे सासरे अजून पाहुण्यांना "जावई एक्स-रे काढतात" असंच सांगतात. मी दुरुस्त करत नाही. अकरा वर्षांत औषधाचा एक थेंबही माझ्या विभागातून हरवला नव्हता, आणि त्या मंगळवारी मुंबईहून तपासणी अधिकारी येणार होते ते नेमकं हेच बघायला. विभागाचा परवाना त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून होता. मी निवांत होतो.

पेशंट एकच. करकंबच्या बजाबाई, वय सत्तर. जेवलेलं तासन् तास पोटातच बसतं, ही तक्रार. तपासणी सोपी असते. औषध मिसळलेल्या दोन इडल्या खायला द्यायच्या आणि पोट किती वेळात रिकामं होतं ते कॅमेऱ्यावर मोजायचं.

"आजी, दहा मिनिटांत दोन्ही संपवायच्या," मी बजावलं.

"व्हय की," बजाबाई म्हणाल्या.

मी फायली लावायला गेलो. परत आलो तेव्हा ताटली चाटूनपुसून स्वच्छ. आजींना कॅमेऱ्यासमोर उभं केलं, तर पडद्यावर औषधाचा उजेड हवा होता त्याच्या निम्माच.

"अपेक्षा, औषध मोजून घातलंस ना?" मी आमच्या टेक्निशियनला विचारलं.

"दोनदा मोजलं, सर. तुमच्यासमोर." तिच्या आवाजाला राजीनाम्याचा वास होता.

म्हणजे दोष कॅमेऱ्याचा. पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. त्यानं मशीन बंद करून चालू करायला सांगितलं. केलं. उजेड निम्माच. शेवटी, फारशी आशा न ठेवता, मी पेशंटलाच विचारलं. आमच्याकडं ते सगळ्यात शेवटी करायची पद्धत आहे.

"आजी, सगळं खाल्लं?"

"खाल्लं की."

"तुम्हीच?"

"म्या एक, त्या भाईरच्यानं एक."

"कोण बाहेरचा?"

"मला काय ठावं? सकाळधरनं बाकड्यावर बसला हुता बिचारा, कुणी पाणीसुदीक इचारंना. समोर माणूस उपाशी आन् म्या एकटी खाऊ? आमच्यात न्हाय तसलं. नको नको करत हुता, पर म्या शेंगाची चटणी लावून हातातच ठिवली."

खाणाऱ्याला धोका काही नव्हता, पोटाच्या एक्स-रेएवढाही नाही. पण हरवलेली इडली सापडली नाही तर परवाना गेला, आणि अधिकारी कुठल्याही क्षणी येणार होते.

किरणं मोजायचं मीटर घेऊन मी धावलो. बाकडं रिकामं. ओपीडीत शिरलो आणि एकेकाच्या पोटापुढून मीटर फिरवत निघालो. जेऊरच्या एका गृहस्थांनी आपण होऊन शर्ट वर केला आणि "शुगर किती हाय?" म्हणून विचारलं. ते बघून त्यांच्यामागं रांगच लागली. अकरा पोटं तपासली, मीटर गप्प. कॅन्टीनमध्येही गप्प. सुपरिंटेंडेंट सरांच्या केबिनच्या दाराशी मात्र ते करकरायला लागलं.

आत सर पांढऱ्या शर्टातल्या एका माणसाशी बोलत होते. त्याच्या मिशीला चटणी होती.

"या, तुमचीच वाट बघतोय," सर म्हणाले. "हे मुंबईचे अधिकारी. लवकर आले, तुमच्याच विभागाबाहेर बसले होते."

सकाळी मीच त्यांना कुणाचा तरी नातेवाईक समजून ओलांडून गेलो होतो. मीटर मी पाठीमागं लपवलं. ते पाठीमागूनही वाजत राहिलं.

"किती दाखवतंय?" मुंबईच्या साहेबांनी विचारलं.

मी आकडा सांगितला, मग इडलीचं सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ स्वतःच्या पोटाकडं पाहिलं.

"चटणी चांगली होती," ते म्हणाले.

आमच्या 'खाण्यास सक्त मनाई' या पाटीखाली बसूनच त्यांनी ती खाल्ली होती, त्यामुळं शेरा जरा मऊ निघाला. परवाना टिकला, पण अटीवर. पेशंट शेवटचा घास घेईपर्यंत जबाबदार माणसानं समोर बसायचं. पुन्हा घोटाळा झाला तर विभागाला कुलूप. जबाबदार माणूस म्हणजे मी.

पुढच्या मंगळवारी त्याच तपासणीला बजाबाई पुन्हा आल्या. मी खुर्ची टाकून समोर बसलो, नजर ताटलीवर.

"तुमी टकामका बगनार आन् म्या खानार? न्हाय जमायचं." त्यांनी ताटली बाजूला सारली.

मी अर्धा तास समजावलं. आजी हलेनात. शेवटी कॅन्टीनमधून दोन साध्या इडल्या मागवल्या, पाटीकडं पाठ केली आणि त्यांच्याबरोबर खायला बसलो. आजींची कळी खुलली. गाव कुठलं, लेकरं किती, बायको काय करती? मी सांगत गेलो. बायकोच्या स्वयंपाकाचा विषय निघाला तसा रंगलोच. दहा मिनिटांत दोन्ही ताटल्या साफ.

आजींना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. उजेड निम्मा.

"आजी, आज तर मी समोर होतो," मी रडकुंडीला आलो. "आज कुणाला दिली?"

"तुमाला की," बजाबाई मायेनं म्हणाल्या. "येवढ्या मोठ्या मानसाला दोनानं काय व्हतंय? बोलता बोलता तीन खाल्ल्या तुमी."

अपेक्षानं मीटर उचललं आणि माझ्या पोटाला लावलं. ते वाजायच्या आतच मी मुंबईच्या साहेबांचा नंबर शोधायला घेतला होता.