तिसऱ्या दिवसाचा गळ

शोकाच्या तीन दिवसांत घरच्या पुरुषाने कामाला हात लावायचा नाही, गादीवर बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकासाठी उठून उभे राहायचे, एवढाच ओमानच्या किनाऱ्यावरच्या मिरबात गावाचा आचार. बखीतने तो अडीच दिवस निष्ठेने पाळला. तिसऱ्या दुपारी माणसे पांगली, तेव्हा त्याच्या मनात आले की उद्या पहाटे पैसे मोजून आलेल्या परदेशी पाहुण्यांना होडीतून मासेमारीला न्यायचे आहे, तर आमिषाच्या एका लाकडी माशाला गळ तेवढे चढवून ठेवावेत. (वडिलांची हरकत नसती. त्यांची आता कशालाच हरकत नव्हती.)

पाण्यावर उसळ्या मारत जाणाऱ्या या खोट्या माशाचे दुकानी गळ, माणसाच्या वजनाचा खरा मासा एका हिसक्यात सरळ करतो. म्हणून बखीतने ते काढले आणि जाड एकेरी गळ पोलादी कड्यांत ओवले. एक पोटाशी, एक शेपटीशी. टोकाजवळचा उलटा काटा पकडीने चेपायचा असतो, म्हणजे रुतलेला गळ सुटतो. तेवढे राहिले आणि दार वाजले.

"तुमचे भाऊ आलेत," त्याची बायको तुफूल आत डोकावून म्हणाली. "अहो, ते आधी लपवा."

थोरला मुसल्लम दोन वर्षे बोलत नव्हता. 'तुला बापापेक्षा मासा जवळचा,' असे सुनावून तो गेला होता. आज तो दारात दिसताच उठून मिठी मारायची, हे बखीतने तीन दिवस घोकले होते. त्याने लाकडी मासा मांडीखाली सारला आणि तो सावरून बसला. पोटाचा गळ मांडीत गेला, शेपटीचा गादीत.

मुसल्लम चार वडीलधाऱ्यांसह आत आला. बखीत बसूनच राहिला.

"उठणार नाहीस?"

"उठतो. जरा दम खा."

"दोन वर्षं तेच खाल्लं."

"दुःखानं पाय गेले असतील पोराचे," एक म्हातारे काका पुटपुटले.

"याचे पाय मला माहीत आहेत, काका. तुफानात होडी उलटायला आली तरी हा ताठ उभा असतो." मुसल्लम दाराकडे वळला.

बसून राहावे तर भाऊ जाणार. उठावे तर भावाचा आरोप सर्वांसमक्ष सिद्ध होणार. बखीत उठला. त्याच्यामागोमाग गादीही उठली आणि कहव्याचे पेले घरंगळत काकांच्या पायाशी गेले.

मुसल्लमने वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले.

"काटा चेपलास?"

"नाही."

"गाढवा." त्याने पक्कड मागवली, गळाचे टोक मांडीतून आरपार बाहेर काढले, काटा तोडला आणि गळ मागे ओढला. बखीत हुंदके देऊ लागला.

"बाबांसाठी रडलास का एकदा तरी?"

"वेळच झाला नाही."

"मग आत्ताच उरकून घे," असे म्हणत मुसल्लमने त्याचे डोके आपल्या खांद्यावर दाबले. दुसऱ्या हाताने तो लाकडी मासा उलटसुलट करून पाहत होता. "दोन्ही गळ एकमेकांत अडकतील इतके जवळ लावलेत. उद्या पाहुण्यांना मी नेतो."

चौथ्या दिवशी शोक संपला, गाद्या गुंडाळल्या गेल्या, येणारे कोणी उरले नाही. बखीत मात्र सकाळपासून बैठकीच्या मधोमध आदराने उभा होता. त्याला बसता येत नव्हते.