आबांचा धुळ्यातला मुक्काम

नगरपालिकेच्या दिव्याचा उजेड खिडकीतून घरात पडतो म्हणून खिडकीला गोणपाट ठोकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. उखर्डू आबा. मी धीर करून कारण विचारलं, तर म्हणाले, "तो उजेड नगरपालिकाना शे. मना नही."

"मना नही", म्हणजे माझा नाही, हा आबांचा मंत्र होता. तो ते दिवसभर जपत. चेंडू मना नही, मांजर मनी नही, ताट मनं नही. आमच्या गल्लीतल्या पोरांचा चेंडू त्यांच्या अंगणात गेला तर तो मागायला जावं लागत नसे. आबाच तो दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तसा धरून दारोदार विचारत फिरायचे. चुकून त्यांच्याकडे आलेली एक लग्नपत्रिका त्यांनी ऐन लग्नात, मांडवात जाऊन वधूपित्याच्या हातात परत दिली. त्या भल्या माणसाने जेवायचा आग्रह केला. आबा म्हणाले, "जेवण मनं नही," आणि पंगतीसमोरून ताठ मानेने निघून आले. त्या दिवशी जिलेबी होती, हे मी त्यांना नंतर मुद्दाम सांगितलं. काही परिणाम झाला नाही.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. जळगावात आमची गल्ली एका डाळ मिलच्या मागे होती. मी बँकेत कारकून. आबा म्हणजे बाजारातले जुने मापाडी. उभा जन्म दुसऱ्याचं धान्य तोलण्यात गेलेला. आता काम सुटलं होतं. बायको वारलेली, मागे-पुढे कोणी नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आबांनी तरी कधी वेगळं सांगितलं नव्हतं.

आणि त्यांच्या घरात वीज नव्हती. म्हणजे होती, पण घरमालकाचा दिवा, बटणं, वायर, सगळं उपटून त्यांनी मालकाला नेऊन दिलं होतं. "कोठून येस, कोनी शे, ठाव नही," ते मला म्हणाले, "अन रातभर भीतमा फिरत ऱ्हास." भिंतीतून रात्रभर कोणीतरी अनोळखी फिरत राहतं, ही कल्पना त्यांनी इतक्या शांतपणे सांगितली की त्या रात्री मला माझ्याच घरातल्या बटणाला हात लावताना कसंसंच झालं.

दिवेलागणीला सगळी गल्ली उजळायची आणि मध्ये ते एक घर काळं राहायचं. मी कामावरून परतताना त्या काळोखातून आवाज यायचा, "भाऊ, आज दमी गया रे तू." आबांना मी दिसत असे, मला आबा दिसत नसत. एवढ्या वर्षांत सवय व्हायला हवी होती. ती झाली नाही.

तर अशा माणसाला विजेच्या थकबाकीची नोटीस आली.

नोटीस धुळ्याच्या वीज कचेरीची होती. नाव आबांचं, पत्ता आमच्या गल्लीचा, आणि जोडणी धुळ्यातल्या कुठल्याशा गल्लीतल्या एका खोलीत. रक्कम भरा, नाहीतर जप्ती. गल्लीत हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मी म्हटलं, "आबा, सारख्या नावाचा दुसरा कोणी असेल."

पण हे म्हणताना माझाच विश्वास बसत नव्हता. उखर्डू तोताराम हे नाव काही रस्त्यावर पडलेलं नसतं. आबांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून हे जन्मल्याबरोबर आईने यांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचललं, आणि आईने ओंजळभर कोंडा देऊन विकत घेतलं. मरणाला वाटावं, हे पोर हिचं नव्हेच. त्यावरून उखर्डू. बापाचं नावही जुळावं असा दुसरा उखर्डू कुठून आणायचा?

आबा हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, मी तठे ऱ्हास का?"

"तिथे कसे राहाल तुम्ही? इथे राहता ना?"

"आठे तर शे," ते स्वतःचे गुडघे चाचपत म्हणाले. "पन कागदवर तठे शे."

मी बँकेच्या टाइपरायटरवर झकास उत्तर बडवलं. "सदर वीजजोडणी माझी नसून तिच्याशी माझा काहीही संबंध नाही." आबांनी ते दोनदा वाचून घेतलं. असं जातिवंत "मना नही" त्यांनाही कधी सुचलं नव्हतं. पण टपालाने पाठवायला त्यांनी साफ नकार दिला. परत करायची वस्तू हातात द्यावी, हा त्यांचा नियम. मी रजा टाकली आणि आम्ही धुळ्याच्या एसटीत बसलो. पारोळ्याजवळ त्यांच्या गावाचा फाटा लागतो. तिथे आबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मला वाटलं, ऊन लागलं.

कचेरीतल्या कारकुनाने फाइल काढली. तो माझ्याच जातकुळीतला, म्हणजे कागदापलीकडे न बघणारा. "मीटर खोलीत आहे," तो म्हणाला. "आमचा माणूस दर वेळी जातो, दार बंद. हा बघा शेरा. 'ग्राहक आत आहे, दार उघडता येत नाही.' मग आम्ही सरासरीने बिल लावतो. कोणीतरी अर्धंमुर्धं भरतं, बाकी चढत जातं. म्हणून अर्जातल्या कायमच्या पत्त्यावर नोटीस धाडली."

"ग्राहक आत आहे?" मी म्हणालो. "ग्राहक हे तुमच्यासमोर उभे आहेत."

त्याने आबांकडे पाहिलं, शेऱ्याकडे पाहिलं. त्याचा विश्वास शेऱ्यावर जास्त दिसला. शेवटी म्हणाला, "तुम्ही तिथे राहत नाही असं दोन शेजाऱ्यांकडून लिहून आणा. लगेच जोडणी तोडतो. आणि खोटं नाव ज्याने दिलं त्याच्यावर केस."

दोन सह्या म्हणजे काय मोठंसं, असं म्हणत आम्ही ती गल्ली शोधून काढली. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका ओट्यावर एक पोक्त बाई शेंगा सोलत बसल्या होत्या. राधाक्का त्यांचं नाव, ते पुढे कळलं. आबांनी खड्या आवाजात विचारलं, "आठे उखर्डू तोताराम कोन ऱ्हास?"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला हो! आबांना दुपारचा आवाज चालत नाही."

"कोणत्या आबांना?"

"उखर्डू आबांना. ही काय शेजारची खोली. अंथरुणावर आहेत बिचारे. लेक करते सगळं."

मी म्हटलं, "बाई, उखर्डू तोताराम हेच."

त्यांनी आबांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. शेंगांचं सूप बाजूला झालं, पदर डोक्यावर आला. "अगं बाई! आबा, चालायला लागले का तुम्ही?"

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. गल्ली जमली. सगळ्यांनी आबांना ओळखलं. पाहिलं कोणीच नव्हतं, पण ओळखलं सगळ्यांनी. सायकलच्या दुकानवाल्याने पाया पडून सांगितलं, तुम्ही रागावल्याचं कळल्यापासून रेडिओ बारीक ठेवतो. एका आजोबांनी विचारलं, खोकला कसा आहे? मी कागद पुढे केला. "हे इथे राहत नाहीत, एवढं लिहून सही करा."

"असं खोटं कसं लिहू?" राधाक्का तडकल्या. "यांचं धोतर रोज दोरीवर असतं. चपला दारात असतात. खोकताना मी माझ्या कानांनी ऐकते!"

"कोणाला?"

"यांना!"

मी मान वळवून पाहिलं. दोरीवर खरंच एक पांढरं धोतर वाळत होतं. दाराशी जुन्या वळणाच्या चपला होत्या. आता आबा "मना नही" म्हणतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. आबांनी आपली चप्पल काढली आणि त्या चपलेत पाय घातला. बरोबर बसला.

"पोरनं नाव काय शे?" त्यांनी विचारलं. मुलीचं नाव काय?

लोक एकमेकांकडे बघायला लागले. राधाक्का मला हळूच म्हणाल्या, "दुखण्यात विसर पडतो हो माणसाला." मग आबांकडे वळून, लहान मुलाला सांगावं तसं, "वत्सला सिस्टर. तुमची वच्छी."

आबा पायरीवर मटकन बसले.

उखर्डू आबांना मुलगी आहे, हे मला असं कळलं. राधाक्कांनी बाकीचं सांगितलं, आबांना सगळं ठाऊकच असणार अशा समजुतीने. वत्सला दवाखान्यात नर्स. बौद्ध समाजातल्या एका मास्तराशी तिने लग्न केलं होतं. मास्तर तापाने गेला. एकट्या तरण्या बाईला कोणी खोली देईना. "मग म्हणाली, माझे वडील येणार आहेत राहायला. तेव्हा खोली मिळाली. मीटरही यांच्याच नावावर घेतलं. कोपऱ्यावर टवाळ पोरं बसतात, पण आत बाप आहे म्हटल्यावर कोणाची हिंमत होते? कामावरून येताना बोळातूनच हाक मारते, आबा, आले हो मी!"

"तिनी लगीन करं," आबा माझ्याकडे न बघता पुटपुटले, "तवय मी सांगं, ती मनी नही."

खोलीला बाहेरून कुलूप होतं. अंथरुणावरच्या माणसाला उठून दार लावता येत नाही म्हणून लेक कुलूप घालून जाते, अशी गल्लीची समजूत. आबा उठले आणि त्यांचा हात चौकटीवरच्या फटीत गेला. गावाकडच्या घरात किल्ली तिथेच ठेवत, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. हात खाली आला तो किल्ली घेऊन. स्वतः आबाच तिच्याकडे बघत राहिले.

"बघा!" राधाक्का विजयाने म्हणाल्या. "आणि म्हणे इथे राहत नाहीत!"

आम्ही दोघेच आत गेलो आणि दार लोटून घेतलं. आत पंखा फिरत होता. त्याच्याखाली खाट, खाटेवर धुतलेली चादर, उशी. उशाशी झाकलेला तांब्या, काठी, औषधाची बाटली. माणूस नाही. भिंतीवर मीटरची चकती सावकाश फिरत होती. लोकांना आत कोणीतरी आहे असं वाटावं म्हणून ती मुलगी रोज रिकाम्या खाटेवर पंखा सोडून कामाला जात होती. राधाक्कांनी ऐकलेला तो खोकला तिथे कधी कोणी खोकलाच नव्हता. खाटेवर बसायचा मला धीर झाला नाही. तिथे कोणीतरी आहे असं मलाही वाटायला लागलं होतं.

आबा खाटेजवळ बराच वेळ उभे राहिले. माझ्या खिशात बँकेच्या टाइपरायटरवरचं ते उत्तर होतं. ही रिकामी खाट दाखवून दोन सह्या घेतल्या आणि ते दिलं असतं तर आबा सुटत होते आणि वत्सलाची खोली, दिवा, तिची या गल्लीतली अब्रू, सगळं त्या दोन सह्यांत जाणार होतं. त्यांनी भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला. मला वाटलं, सवयीने बंद करणार. त्यांनी बटणाला नुसतं बोट लावून पाहिलं आणि हात मागे घेतला.

"भाऊ, दुसरा कागद काढ."

ते त्यांच्या बोलीत सांगत गेले, मी कचेरीच्या भाषेत लिहीत गेलो. "जोडणी माझी आहे. आपला माणूस मीटर पाहण्यास पाठवावा. खरा आकडा निघेल तो भरीन. मी दिवसभर घरीच असतो." हे शेवटचं वाक्य लिहिताना माझं अक्षर इतकं बिघडलं की कारकुनाने पुढे मला ते वाचून दाखवायला लावलं.

मी एकटाच कचेरीत जाऊन, कागदाची पोच घेऊन परत आलो तेव्हा दिवेलागण होत होती. खोलीचं दार लोटलेलं होतं. राधाक्कांनी मला ओट्यावर बसवून चहा दिला. "झोपले असतील," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच एवढे चालले ना."

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी पांढरी साडी दिसली. खांद्याला पिशवी, नाक थेट आबांचं. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती चालता चालता म्हणाली, "आबा, आले बरं का मी! आज उशीर झाला!"

"पाय धोई ये घरमा," आतून आवाज आला.

ती जागच्या जागी थांबली. कुलूप नसलेल्या दाराकडे बघत राहिली. तिचा चेहरा इतका पांढरा पडला की मी चहाचा कप खाली ठेवला. राधाक्कांना त्यात वावगं काहीच वाटलं नाही. रोज उत्तर येतच असणार, अशी त्यांची खात्री होती. "जा ना पोरी," त्या म्हणाल्या, "वाट बघतात."

ती दारापर्यंत गेली. चौकटीला हात टेकून, गल्लीसाठी राखलेला तो मोठा आवाज टाकून, अगदी बारीक आवाजात तिने विचारलं, "कोन शे?"

आत खाट करकरली.

"तूच ठेयेल शे ना माले आठे," आबा म्हणाले.