सदुसष्टावं लागलं

माझ्या एकोणपन्नासाव्या वाढदिवसाला मी शेजारच्या वामनकाकांकडे पेढे घेऊन गेलो, आणि काकांनी डबा उघडूनही न पाहता माझ्या हातात परत ठेवला.

"एकोणपन्नास? सात साते! भाग जाते ना बे! त्रेपन्नाले ये."

वामनकाका, म्हणजे आमच्या अमडापुरातले निवृत्त मोजणीदार. आयुष्यभर लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या, आता माणसं मोजतात. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशाचाही भाग जात नाही, तेवढीच त्यांच्या लेखी इज्जतदार. घरातले वाढदिवससुद्धा तेवढ्याच वर्षी. त्यांच्या मते साठी हा शुद्ध अडाणीपणा. "साठले तं कोनीबी भागते. दोन, तीन, चार, पाच, सहा, धर्मशाळा हाय ते! एकसष्टीच खरी." माझ्या स्कूटरचा नंबर एक्याण्णव. तिच्याकडे ते अजूनही संशयाने पाहतात. "दिसाले सोवळी, आतून तेरा साते!"

हसू नका. मोजण्याच्या याच वेडाने माझं घर वाचलं आहे. अंगणातला वाळलेला कडुनिंब पाडायचा होता आणि तो नेमका माझ्या छपराच्या टिनांकडे झुकलेला. मजूर हात लावेनात. काकांनी एक काठी उभी केली, तिची सावली मोजली, झाडाची सावली मोजली, जमिनीवर बोटाने त्रैराशिक मांडलं. "झाड सत्तावीस फूट. तुह्ये टिनं अठ्ठावीसवर. पाड!" मी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. धाडकन आवाज झाला. डोळे उघडले तर शेंडा टिनांच्या एक फूट अलीकडे.

"काका, एका फुटानं वाचलो!"

"बारा इंच म्हन. जास्त वाटते."

आता एक महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे वय चालू वर्षाचं सांगतात, पन्नास पुरी झाली की 'एक्कावन्नावं लागलं'. काकांना याची भयंकर चीड. कोणी असं म्हटलं की ते चहा अर्धा टाकून उठत. "लागलं म्हंजे झालं काय? खांब गाडल्याबिगर हद्द नसते. पुरं झालेलं सांग!"

या नियमाचा खरा फटका शांताकाकूंना. एकसष्ट पुरी झाल्यावर काकांनी पुरणपोळी केली, मग थेट सदुसष्टावर बोट. मधली वर्षं कोरडी. काकू हसून म्हणत, "मी वाट पाह्यते ना. जाते कुठी?"

यंदा उन्हाळ्यात काकूंना मोठ्या डॉक्टरला दाखवून आणलं. हृदय फार थकलंय, म्हणाले. वर्षांचं काका विचारत होते; डॉक्टर महिन्यांचं बोलले. तेव्हापासून काका नुसते ओट्यावर बसलेले. माझी स्कूटर समोरून दोनदा गेली, तिला शिवीसुद्धा नाही.

आणि गेल्या मंगळवारी सकाळी काका कुंपणाशी हजर. धोतराला डाळीचं पीठ, कपाळाला गूळ.

"संध्याकाळी जेवाले ये. काकूचा वाढदिवस हाय."

"कितवा?"

"सदुसष्ट."

माझी आई आणि काकू एका वर्गातल्या, एकाच वर्षी एकाच महिन्यात जन्मलेल्या. आईला नुकती सहासष्ट पुरी झालेली. मी तोंड उघडलं, "काका, पुरी की..."

"लागलं ना बे सदुसष्टावं?" काका एकदम ओरडले. मग कुंपणाची तार चाचपत म्हणाले, "लागलं का नाही? मंग झालं तं!"

संध्याकाळी काकू नवं लुगडं नेसून पाटावर बसल्या होत्या. काका आत पोळ्या जाळत होते. पेढ्यांचं ताट माझ्याकडे सरकवताना काकूंनी मला जवळ बोलावलं.

"सहासष्ट हायेत," त्या कुजबुजल्या. "तिनानं भाग जाते, अकरानंबी जाते. एवढी वर्सं ह्या मानसापाशी काढली, मले येत नसन काय?"

"मग सांगितलं का नाही?"

"चूप राह्य बापू. सकाळपासून तीनदा मोजून पाह्यलं त्याईनं. येऊ दे एकदा त्याईच्या मनासारखं उत्तर."

तेवढ्यात धुरातून काकांचा आवाज आला, "काय खुसुरफुसुर चालू हाय? कितवं सांगून राह्यली व त्याले?"

"सदुसष्टावं!" काकू खणखणीत ओरडल्या.