दुलीचंदकाकांचं नापास विमान

आमच्या नवेगाव बांधला दुलीचंदकाकांना कोणी जेवायला बोलावलं, की त्या घरची बाई आधी सगळ्यांत नवी थाळी शोधून ठेवते. कारण काका थाळीत भात पडायच्या आधी तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवतात. काठापासून मध्यापर्यंत, हळू, डोळे मिटून. नख कुठे अडलं की थाळी परत. "नापास," एवढंच म्हणतात. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात त्यांनी पंगतीत बसल्या बसल्या थाळ्यांमागून थाळ्या नापास केल्या. वरपक्षाला वाटलं, हे जेवणालाच नावं ठेवताहेत. सगळ्यांची समजूत घालत माझ्या बाबांना मांडवभर फिरावं लागलं.

काका गोंदियाच्या आयटीआयमध्ये पत्राकामाचे निदेशक होते. निवृत्त झाले, गावी आले, आणि खळ्याजवळच्या टिनाच्या शेडमध्ये विमान बांधायला बसले. खेळण्यातलं नाही, खरं. दोन माणसांचं, अॅल्युमिनियमचं. नकाशे मागवलेले, पत्रा नागपूरहून आणलेला. परवानगीचं काय, असं कोणी विचारलं तर म्हणतात, "पोरगं पैदा नाही झालं अना तू शाळेत नाव टाकून राहिला. आधी बनू त दे!"

ते बनत मात्र नाही. तुम्ही आमच्या गावात आलात तर विमान पाहायला शेडपर्यंत जायची गरज नाही, ते गावभर पसरलेलं आहे. पंखाच्या फासळ्यांवर आमच्या परसातला वालाचा वेल चढला आहे. शेपटीचा पत्रा ढिवरांच्या मोहल्ल्यात मासळी वाळवायला गेला. बायका त्याच्या तुकड्यांनी रांजण झाकतात. डाव्या पंखाचं टोक शेजारच्या खुराड्यावर छप्पर म्हणून बसलंय, आणि त्या घरचा कोंबडा तेव्हापासून जरा वेगळ्याच तोऱ्यात चालतो. हे सगळे काकांनी नापास केलेले भाग. ओरखडा दिसला, पोचा दिसला, चकाकीत ढग दिसला, की भाग शेडबाहेर.

मला याचा भयंकर राग यायचा. वरवरचा डाग पाहून माणूस नाकारायची आपल्याकडे जुनी खोड आहे. मुलगी पाहायला येणारे तिच्या गालावरचा वण आधी पाहतात, तिचं डोकं मागाहून, पाहिलं तर. जंगलातून मोहफुलं वेचून आणणारी बाई सभेला आली तर तिचं लुगडं पाहून तिला मागे बसवतात. असल्या नजरेशी भांडायचं, हे मी शाळेपासून पत्रकं वाटत वाटत शिकले. आता तेच शेजारच्या घरी, तेही निर्जीव पत्र्याच्या बाबतीत, चाललेलं पाहून मी काकांशीही भांडले.

"काका, तुमी विमान बनवून राहिले का पोरगी पाहून राहिले?"

"काऊन व?"

"हा ओरखडा पाहा. नख अडते का?"

काकांनी नख फिरवलं. "नाही अडत."

"मंग? तुमीच त शिकवलं मले. नख अडलं त चीर खोल हाये, पत्रा तिथूनच फाटन. नाही अडलं त नुसता डोऱ्याले दिसनारा डाग. रंग मारला का खतम."

"बराबर."

"बराबर, त नापास काऊन?"

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. "डाग म्हंजे डाग," ते म्हणाले, आणि तो सुंदर, वाकवून-भोकं पाडून तयार झालेला पत्रा माझ्या हातात दिला. "तुज्या आईले सांग, पापड वाळवाले चांगला हाये."

आता शेवंताकाकींबद्दल सांगायला हवं, कारण हे विमान जेवढं बनलं आहे तेवढं दोघांनी मिळून बनवलं आहे. पत्रे जोडणारी रिव्हेट ठोकणं एकट्याचं काम नाही. काका बाहेरून हवेचा हातोडा चालवतात, काकी आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतात. मधे पत्रा, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. रिव्हेट नीट बसलं तर काकी आतून एकदा ठोकतात, वाकडं गेलं तर दोनदा. मुलगा पुण्याला असतो. घरात दोघंच, आणि दिवसभराचं बरंचसं बोलणं या ठोक्यांतच होतं. एकदा काकी आतून ठोकतच सुटल्या. काका घाबरून ओरडले, "काय झालं व?" आतून आवाज आला, "भात लागला जी!"

यंदाचं धान कापून झालं त्यानंतरची गोष्ट. दुपारी काका बाजाराला गेले होते आणि मी काकींकडे डाळ द्यायला गेले. त्या घरात नव्हत्या, शेडमध्ये होत्या. नव्या पत्र्यासमोर उकिडव्या बसून, भांडी घासायच्या तारेनं, अगदी हलक्या हातानं, त्यावर एक रेघ ओढत होत्या.

"काकी! काय करून राहिल्या?"

त्या दचकल्या. मग मला पाहून, तार पदराखाली लपवत म्हणाल्या, "हळू बोल ना माय."

मी वाकून पाहिलं. त्या रेघेवर नख फिरवलं. अडलं नाही. काकींना विमान बिघडवायचं नव्हतं. त्यांना फक्त ते लांबवायचं होतं.

"हे झालं का ते उडतीन," काकी म्हणाल्या. "ज्या मानसाले सायकल सांभाळता येत नाही! मागच्या साली तलावाच्या पारीवरून सायकलसकट खाली बेशरमाच्या झाडात गेले. दोघा जनानं ओढून काढलं. तो मानूस आता वर आभारात जाईन?"

"पडनार नाही काकी. काका किती जपून काम करते."

"नाही पडले तरी," त्या म्हणाल्या. मग खाली पाहत, "ते वर गेले का मी खाली. अठी कोन हाये मले?"

"दोन जागा हायेत ना विमानात."

"दुसरी पोराची असन. मले कोन सांगते?"

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले तेव्हा काका तोच पत्रा उजेडात तिरपा धरून उभे होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तारेचा हाये."

"काय?"

"डाग. तारेच्या घासनीचा. जिंदगी पत्र्यात गेली माझी. तारेची रेघ मी ओळखत नाही का?"

"म्हंजे तुमाले माहीत होतं?"

"पह्यल्या पत्र्यापासून."

"अना तुमी एवढं विमान गावात वाटलं!"

"सारेच तिचे डाग नाही व," काका प्रामाणिकपणे म्हणाले. "काही माझ्या हातचे बी हायेत."

"पन बोलले काऊन नाही तिले?"

"भेते ती. तिचा जीव भेऊन राहिला अना मी रंग मारून उडू का? ज्या दिवशी ती रेघ ओढनार नाही, त्या दिवशी पास."

मला काकींचं कालचं बोलणं आठवलं. "दुसरी जागा कोनाची, काका?"

काकांनी पत्रा खाली ठेवला. बराच वेळ त्याचा काठ बोटांनी चाचपला. "तिचीच ना. नाही त दोन जागेचा नकाशा कायले घेतला असता?"

"सांगितलं तिले?"

"नाही म्हटलं तिनं, त?"

गावातल्या तमाम थाळ्या ज्याच्यापुढे थरथर कापतात, तो माणूस एका बाईच्या उत्तराला भीत होता. मी मात्र भडकले. ती हो म्हणेल म्हणून वाट पाहायची, आणि विचारायचं मात्र नाही, हा कुठला न्याय? तिनं कसं हो म्हणावं, तारेनं लिहून? "विचारा लागते काका," मी म्हटलं. "मनात धरून मानूस बसत नाही कोनाच्या बाजूले. तोंडानं विचारा लागते!"

"हां, हां. पत्रक नको वाचू," काका म्हणाले.

संध्याकाळच्या आधी दोघं कामाला बसले. काकी पत्र्याच्या आत, काका बाहेर, मी शेडच्या उंबऱ्यावर. काकांनी दोन-चार रिव्हेट ठोकली. मग हातोडा थांबला.

"आयकते का व?"

"हां जी," आतून काकी.

"विमानाचा तोल काढाचा हाये. दोन्ही जागेवरचं वजन लिहा लागते."

"मंग लिहा."

काका पत्र्याकडेच पाहत होते. "दुसऱ्या जागेवर मी तुजं धरलं."

बाहेर खळ्यावर चिमण्या सांडलेलं धान टिपत होत्या. काकांचा हात हातोड्याच्या मुठीवर आवळलेला मला दिसत होता. मग आत ठोकळा जमिनीवर ठेवल्यासारखं वाजलं.

"किती धरलं?"

"पंचावन किलो."

काकांनी डोळे मिटले.

"बासष्ट धरा जी," काकी म्हणाल्या. "उगाच वर जाऊन तोल नको बिघडाले."