आधी पोहे, मग कॅमेरा

उपाशी युनिटला डोंगर चढवून दाखवा बघू कुणी! नाही जमणार. मालिकेची माणसं कुठंही नेऊन पोटभर खाऊ घालणारा प्रॉडक्शन मॅनेजर अख्ख्या अंधेरीत एकच, तो म्हणजे मी. हे माझं मत होतं आणि अजूनही आहे.

तरी आमच्या निर्मात्या मृणालिनी मॅडम उठसूट व्हर्ननचं कौतुक करायच्या. व्हर्नन मरोळ गावठाणातला. हुद्दा माझाच, पगारही माझ्याएवढाच. पण जनरेटर बंद पडला की व्हर्ननला बोलवा, हिरॉईन रुसली की व्हर्ननला पाठवा. जळफळाट होतो हो. का नाही होणार?

त्यात हिमाचलचं शूटिंग निघालं. सासूने हाकललेली सून थेट हिमालयात जाऊन तपश्चर्या करते, हे लेखकाला गोरेगावात एसीखाली बसून सुचलं होतं. मॅडमनी जाहीर केलं, "जो हे नीट पार पाडेल, तो लडाखच्या शेड्यूलचा प्रमुख." खाणंपिणं माझ्याकडे दिलं, कॅमेरा आणि लाइट व्हर्ननकडे.

शेवटच्या गावात रस्ता संपला. पुढे फक्त खेचरं. मी गाडीतून उतरलो तो थेट खेचरवाल्याकडे गेलो आणि गावातली सगळी खेचरं नाश्त्यासाठी बुक करून टाकली. आमच्या लाइनीत नियमच आहे, आधी युनिटचा नाश्ता, मग शूटिंग. मला कोण काय बोलणार?

संध्याकाळी व्हर्नन आला. "विशाल, दोन खेचरं दे ना यार. कॅमेरा तरी वर जाऊ दे."

"सॉरी रे. सगळी पोह्यांची आहेत."

सकाळी वर काय थाट होता म्हणता! कांदेपोहे, उपमा, मिसळ, वर दोन चटण्या. हिमालयात मी मूठ मूठ शेव वाढली. समोर शिखरावर सोनेरी ऊन पडलेलं, सून भगव्या साडीत तयार. कॅमेरा तेवढा नव्हता.

"व्हर्नन कुठंय?" मॅडमनी विचारलं.

"काय माहीत, मॅडम. उपमा घ्या ना थोडा."

दुपारी व्हर्नन पोचला. कॅमेरा त्याच्या पाठीवर आणि मागे पेट्या उचललेली गावातली माणसं. नेमके तेव्हाच ढग उतरले. हिरॉईनची तारीख तेवढीच होती. सुनेचा हिमालय शेवटी गोरेगावात कापूस पसरून उभारावा लागला.

अंधेरीच्या ऑफिसात मॅडमनी आम्हा दोघांना उभं केलं. मनातल्या मनात मी लडाखची बॅग भरत होतो.

"खेचरांचा घोळ कुणाचा?"

मी तोंड उघडणार, तोच व्हर्नन म्हणाला, "माझा, मॅडम. मी आधीच बुक करायला हवी होती. विशालची काही चूक नाही."

मॅडमचे डोळे भरून आले. "चूक कबूल करायला छाती लागते, व्हर्नन. लडाख तुझं."

हे मात्र अति झालं. घोळ मी घातला, डोकं मी लढवलं आणि त्याचंही कौतुक व्हर्ननलाच? माझा तोल सुटला. "मॅडम, खोटं बोलतोय तो! घोळ माझाच आहे. सगळी खेचरं मी मुद्दाम अडवली."

मॅडम माझ्याकडे मायेने बघत राहिल्या. "मित्रासाठी एवढं खोटं बोलू नये रे, विशाल. इतकं पुढचं तुला सुचलं असतं, तर लडाख मी तुलाच नसतं का दिलं?"

व्हर्ननने माझा खांदा थोपटला. मी साक्षीदार तरी कुठून आणणार? माझी हुशारी ठाऊक असलेली सगळी खेचरं हिमाचलात राहिली.