प्रोसेसरचे वाकडे दात

भाऊजींना सगळे भाऊजी म्हणत ते मेव्हण्यामुळे. बायकोच्या या धाकट्या भावाने त्यांना कॉम्प्युटरवरच्या एका लढाईच्या खेळात ओढलं, हेडफोनवरून "भाऊजी, डावीकडे!", "भाऊजी, वाका!" असा आरडाओरडा केला, आणि त्याच्या टोळीतल्या, भाऊजींनी कधी तोंडही न पाहिलेल्या मित्रांनी तेच नाव उचललं. खेळ सोपा होता. चौघांनी किल्ल्याच्या तटावर चढायचं आणि आतला झेंडा पळवायचा. तिघे चढत. भाऊजी तटाखाली एक पाय हवेत ठेवून थिजलेले असत.

"अडकला रे!" भाऊजी ओरडत. "कॉम्प्युटर अडकला!"

आणि ते काही खोटं नव्हतं. कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. बटण दाबून भाऊजी आंघोळीला जात आणि अंग पुसत परत येत, तरी तो आपला उठायच्याच बेतात असे. पंखा तर असा घरघरे, की शेजारच्या खोलीतून सासूबाई विचारत, "जावईबापू, सर्दी झालीय का?"

भाऊजी विमा कंपनीत नोकरीला होते. लोकांच्या अपघातांचे दावे ते दिवसभर भिंग लावून तपासत. स्वतःच्या अपघातांचं खापर मात्र बिनचौकशी कॉम्प्युटरवर फोडत.

शेवटी मेव्हण्यानेच उपाय काढला. "सगळा कॉम्प्युटर कशाला बदलता? नुसता प्रोसेसर बदला. तुमच्या कॉम्प्युटरच्या आतल्या बोर्डावर बसेल असा दमदार प्रोसेसर मी पाठवतो. जुना काढायचा, नवा ठेवायचा. बल्ब बदलतो ना, तितकं सोपं."

(भाऊजींनी शेवटचा बल्ब बदलला तेव्हा खालच्या मजल्यावरची वीज गेली होती. पण ही गोष्ट मेव्हण्याला ठाऊक नव्हती आणि भाऊजींनीही मुद्दाम सांगितली नाही.)

प्रोसेसर आला. बोटाच्या दोन पेरांएवढी चौकोनी चकती, पोटाला केसासारख्या बारीक पिना. भाऊजींनी तो बुटांच्या खोक्यात लपवला. कारण म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर दुसरा हक्क बायकोचा होता. ती घरांचे नकाशे काढायची. इतके दिवस तिच्याकडे कुणाची गच्ची, कुणाचा जिना अशी फुटकळ कामं येत. आता पहिल्यांदाच अख्खं घर आलं होतं, तेही दातांच्या एका डॉक्टरांचं.

"रविवारी दुपारी डॉक्टर नकाशा बघायला घरी येणार आहेत," तिने बजावलं. "पसंत पडला तर त्यांच्या दवाखान्याचंही काम देणार आहेत. तोवर कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. धूळ पुसायलासुद्धा नाही."

"मी कधी पुसली धूळ?"

"म्हणूनच सांगतेय. नेमकी आत्ताच बुद्धी सुचेल."

रविवारी सकाळी ती डॉक्टरांबरोबर जागेवर मोजमापं घ्यायला गेली आणि भाऊजींना बुद्धी सुचली. त्यांना वाटलं, दुपारी नकाशा वाऱ्याच्या वेगाने उघडेल, बायको थक्क होईल, मग आपण हळूच सांगू. सरप्राइज! (संसारात हा शब्द नवऱ्याच्या डोक्यात आला की बायकोने असेल तिथून घरी परतावं.)

जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर आडवा पडला. झाकण निघालं. आतून जी धूळ निघाली तिच्यात एक लहानशी उशी सहज भरली असती. पंखा आणि त्याखालचा जाडजूड धातूचा ठोकळा प्रोसेसरवर बसवलेला होता. तो काही केल्या सुटेना. भाऊजींनी तो हलवला, डुलवला, मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि दात-ओठ खाऊन हिसडा मारला. ठोकळा हातात आला. भाऊजींनी वाकून पाहिलं.

प्रोसेसरची जागा रिकामी होती.

त्यांनी मेव्हण्याला फोन लावला. "अरे, यात प्रोसेसर नाहीच!"

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही! चाळणीसारखी नुसती भोकं आहेत. आपल्याला फसवलं रे! इतकी वर्षं हा प्रोसेसरशिवायच चालत होता. तरीच हळू चालायचा बिचारा!"

मेव्हणा सावकाश म्हणाला, "भाऊजी, प्रोसेसरशिवाय कॉम्प्युटर म्हणजे डोक्याशिवाय माणूस."

"आमच्या ऑफिसात आहेत की तसे! चालतातच ना?"

आपल्या धंद्याप्रमाणे भाऊजींनी लगेच तपास सुरू केला. टेबलाखाली पाहिलं, धुळीत बोटं घातली. सासूबाईंनाही विचारलं, "तुम्ही इथून काही उचललंत का?"

"मी कशाला उचलू? मला काय त्याची भाजी करायचीय?" सासूबाई टेबलाजवळ आल्या. भाऊजींच्या हातातल्या ठोकळ्याकडे त्यांनी खालून पाहिलं. "पण जावईबापू, याच्या बुडाला टाचा घासायचा ब्रश कशाला चिकटवलाय?"

भाऊजींनी ठोकळा उलटा केला. प्रोसेसर तिथे होता. दोघांमधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वर्षानुवर्षं सुकून डिंकासारखी झाली होती. हिसड्यासरशी तो बुडाला चिकटून उपटला गेला होता, मुळासकट.

"सापडला!" भाऊजी फोनवर इतक्या मोठ्याने ओरडले, की मेव्हण्याने फोनच ठेवून दिला.

आता उरला सोपा भाग. भाऊजींनी नवा प्रोसेसर खोक्यातून काढला, भोकांवर ठेवला. बसेना. जरा दाबला. तरी बसेना. नवी वस्तू सुरुवातीला जरा घट्टच असते, अशी समजूत घालून त्यांनी अंगठ्यावर सगळा भार टाकला. आतून कर्र असा आवाज आला. त्यांनी प्रोसेसर उचलून पाहिला. एका कोपऱ्यातल्या पिना वाऱ्यात आडव्या झालेल्या गवतासारख्या झोपल्या होत्या.

आणि दारावरची घंटा वाजली.

बायको आत आली. मागोमाग डॉक्टर. बायकोने टेबल पाहिलं, धुळीचा ढीग पाहिला, हातात पंखा घेऊन उभा असलेला नवरा पाहिला. ती रागावली की बोलते. फार रागावली की पाणी पिते. ती पाणी प्यायली.

"अहो," मग ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "डॉक्टरांना नकाशा दाखवायचाय. कशावर दाखवू? पंख्यावर?"

"सरप्राइज होतं," भाऊजी पुटपुटले आणि त्यांनी वाकड्या पिनांची चकती पुढे केली.

बायकोचा चेहरा उतरला. राग परवडला असता. पण तिने खुर्ची ओढली आणि नुसती खाली बसली. महिनाभराची मेहनत त्या बंद पडलेल्या डब्यात होती. आता मात्र भाऊजींना खरंच भरून आलं. किल्ला, झेंडा, टोळी सगळं गेलं चुलीत, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात डॉक्टर पुढे झाले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि चकती उजेडात धरली.

"वा!" ते म्हणाले. "काय शिस्तीत उभे आहेत सगळे! आणि हे कोपऱ्यातले कुणी वाकवले?"

"मी," भाऊजी म्हणाले.

"कीड नाही. मुळं शाबूत आहेत. होईल सरळ. बारीक चिमटा आहे का घरात?"

बायकोने भुवया कोरायचा चिमटा आणून दिला. डॉक्टर खिडकीपाशी बसले. भाऊजींना त्यांनी टॉर्च धरायला लावला. एकेक पीन ते हलक्या हाताने उभी करू लागले.

"हं, उजेड जरा वर... अजून थोडं... शाब्बास, आता आ करा."

सवयीने निघून गेलेलं वाक्य होतं. पण भाऊजींनी आज्ञाधारकपणे आ केला. तेव्हा मात्र बायकोला हसू आवरेना. ती हसली तसा भाऊजींचा जीव भांड्यात पडला. (आ मात्र सगळ्या पिना उभ्या होईपर्यंत तसाच राहिला.)

चकती परत टेबलावर आली. भाऊजींचा अंगठा पुढे सरसावला, तो बायकोने मधेच पकडला. नकाशे काढणारी तिची नजर. तिने चकतीच्या एका कोपऱ्यातला इवलासा त्रिकोण पाहिला, बोर्डावरच्या भोकांपाशी तसाच दुसरा शोधला, दोन्ही जुळवले आणि बोट काढून घेतलं. प्रोसेसर न दाबता, लोण्यात सुरी शिरावी तसा आपोआप खाली बसला.

"उलटा बसवत होतात," ती म्हणाली.

प्रोसेसरबरोबर आलेली नवी पेस्ट लागली, पंखा चढला, झाकण बसलं. बटण दाबल्यावर भाऊजी सवयीने टॉवेल शोधू लागले, तोवर कॉम्प्युटर सुरूसुद्धा झाला. नकाशातलं घर पडद्यावर भिंगरीसारखं फिरलं. डॉक्टरांनी जिना पाहिला, खिडक्या पाहिल्या, स्वयंपाकघर दोनदा पाहिलं आणि दवाखान्याचं कामही तिथल्या तिथे दिलं. बायकोने भाऊजींकडे पाहिलं. नजरेत क्षमा होती. कौतुकही किंचित असावं, असा भाऊजींचा आजही दावा आहे.

संध्याकाळी भाऊजी मोठ्या दिमाखात खेळायला बसले. बायको आणि सासूबाई मागे खुर्च्या टाकून बसल्या. हेडफोन काढून आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. भाऊजींचा सैनिक पहिल्यांदाच वाऱ्यासारखा पळाला. कुठे अडकणं नाही, थिजणं नाही. तटापाशी तो सगळ्यांच्या आधी पोचला, सरसर वर चढला, माथ्यावर उभा राहिला. टोळीतले सगळे ओरडले, "भाऊजी! झेंडा! समोर झेंडा!"

भाऊजींनी घाईघाईत बटण दाबलं. सैनिकाने दोन्ही हात पसरले आणि तटावरून थेट बाहेरच्या खंदकात उडी मारली.

"अड..." भाऊजींच्या ओठांवर आलं, पण अडकलं काहीच नव्हतं. पाण्यावर उठलेले तरंगसुद्धा अगदी संथपणे, न अडखळता पसरत होते.

सासूबाईंनी चष्मा नीट केला आणि मनापासून म्हणाल्या, "चित्र काय स्वच्छ येतंय हो जावईबापू! आधी काही कळायचंच नाही. आज तुम्ही आपणहून उडी मारलीत, ते अगदी स्पष्ट दिसलं!"